केरबा आचाऱ्याची तयारी

पंचक्रोशीत लग्न ठरलं की लोक आधी भटजींकडे जात नसत, आधी केरबा आचाऱ्याकडे जात. केरबाला दिवस मोकळा असेल तर मुहूर्त. नसेल तर मुहूर्तानं थांबावं. एवढा त्याच्या हाताला लौकिक! त्याच्या हातची वांग्याची भाजी खाल्लेले म्हातारे पुढच्या लग्नाची वाट बघत जगत होते, असं लोक म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

केरबाचा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे तयारी. कार्याच्या आधी पंधरा दिवस तो यादी करायला बसे. तांदूळ किती, गूळ किती, सरपण किती, पत्रावळी किती. हळकुंडसुद्धा यादीबाहेर राहायचं नाही. कारण एकदा चुलाण पेटलं की शेजारी मीठ मागायला माणूस धाडायचा नाही, हा त्या धंद्यातला कायदा. ज्या आचाऱ्यानं कार्यात मीठ मागितलं त्याचं नाक गेलं म्हणून समजा. दुसरा कायदा याच्याही वरचा. शेवटची पंगत उठेपर्यंत आचाऱ्यानं बसायचं नाही. धड जेवायचं नाही, डोळा मिटायचा नाही. दोन दोन दिवस केरबा आगीपुढे उभा राही आणि पंगत उठली की हात धुऊन मोकळा होई.

लेकरं आपापल्या संसाराला लागली होती. घरात तीनच माणसं उरली होती. केरबा, त्याची बायको हौसा आणि आई चंद्राक्का. चंद्राक्कानं सत्तरी ओलांडली होती, पण जीभ अजून विशीतली. ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घेतल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. आणि गंमत म्हणजे, जिची फिरकी घ्यायची ती बाई उलट तिथेच तासभर बसून जायची.

एके सकाळी गोठ्यात चंद्राक्काचा पाय घसरला आणि कंबरेचं हाड मोडलं.

केरबानं आईला बाजेवर घालून शेजारच्या गावच्या हाडवैद्याकडे नेलं. वैद्यबुवांनी हाड बसवलं, पट्ट्या बांधल्या, हात धुतले आणि केरबाला अंगणात बोलावलं.

"तीन आठवडे आक्का इथंच राहू दे. मग घरी ने. पण एक ऐकून ठेव. ती आता पहिल्यासारखी हिंडायची नाही. काठी धरून चार पावलं टाकेल, बस्स. उठवायला, बसवायला, न्हाऊ घालायला माणूस लागेल. आज लागेल, उद्या लागेल, पुढची कितीही वर्षं लागेल. तिचा दिवस बदलला तसा तुमचाही बदलणार. तीन आठवडे हाताशी आहेत, तयारी कर."

तयारी म्हटल्यावर केरबाची छाती फुगली. "वैद्यबुवा, ते माझ्यावर सोडा. तयारी म्हणजे केरबा!"

"घराची करशीलच रे. स्वतःची पण कर."

पण हे ऐकायला केरबा जागेवर होता कुठे? तो मनातल्या मनात यादी करत केव्हाच वाटेला लागला होता.

दुसऱ्या दिवशी केरबाची धाकटी बहीण सुंदरा वैद्यबुवांकडे आईला भेटायला आली. ती म्हणाली, "दादा, आईला मी नेते. नाहीतर आळीपाळीनं तरी करू."

चंद्राक्का पडल्या पडल्या म्हणाली, "मी आपली माझ्या घरी जाणार. तुझ्या गावात मला चिडवायला ओळखीचं माणूससुद्धा नाही."

केरबानं छातीवर हात ठेवला. "आई माझ्याकडेच राहील. मी एकटा बास आहे. तू पाहुणी म्हणून ये, लाडू खा आणि जा."

सुंदराला ते लागलं. पण मोठ्या भावापुढे काय बोलणार? तिनं आईच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि आपल्या गावची वाट धरली.

मग केरबाची तयारी सुरू झाली आणि ती बघायला गाव लोटलं. नवी बाज आली. अठरा गोधड्या धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवल्या. पेजेसाठी तांदूळ आला तो पोत्यानं. मालिशीचं तेल एवढं आलं, की त्यात तालमीतल्या सगळ्या पैलवानांनी वर्षभर अंग चोळून घ्यावं. दारात मांडव पडला. कशाला? तर आईला उन्हाची तिरीप लागू नये! बघणारे तोंडात बोटं घालत होते आणि केरबा मिशीला पीळ देत होता.

हौसा हे सगळं बघत होती. एक दिवस तिनं विचारलं, "अहो, सगळं आलं. पण तुम्ही जेवणार कधी? झोपणार कधी? तुम्ही एखाद्या कार्याला गेलात तर आत्याबाईंना उचलणार कोण? आपण दोघं बसून वाटून घेऊ या का?"

"अगं, पाच पाच हजार पानं उठवलेला माणूस मी. एका माणसाचं पान ते काय घेऊन बसलीस? माझ्या चुलाणापाशी मी कधी दुसऱ्याचा हात लागू दिलाय? कार्यं यंदा बंद. मी उभा आहे ना!"

हौसानं कपाळाला हात लावला आणि ती शेतावर निघून गेली.

चंद्राक्का घरी आली. मांडव बघून म्हणाली, "काय रे, माझं पुन्हा लग्न लावतोस की काय?" सगळे खो खो हसले. सुरुवात तर झकास झाली.

पहिल्याच दिवशी एक घोटाळा झाला. केरबानं पेज केली, पण त्याला माणशी एक वाटीचा अंदाजच येईना! उभ्या जन्मात त्यानं हंड्याहून कमी काही शिजवलं नव्हतं. हंडाभर पेज झाली. चंद्राक्का वाटीभर प्यायली. उरलेली आळीनं प्यायली, मग म्हशीनं प्यायली. तिसऱ्या दिवशी म्हशीनंही तोंड फिरवलं.

शेजारची गोदाकाकू थालीपीठं घेऊन दारात आली. "केरबा, आक्कापाशी बसते जरा. तू पाठ टेक."

केरबानं हात जोडले. "काकू, घरात कार्य चालू असताना बाहेरचं ताट घेतलं तर माझं नाक राहील का? तुम्ही निवांत राहा." गोदाकाकू ताट घेऊन परत गेली. दुसऱ्या दिवशी आली, पुन्हा परत गेली. मग यायची थांबली. आणखीही बायका आल्या. केरबानं सगळ्यांना गोड बोलून मांडवाबाहेरूनच वाटेला लावलं. आईला आराम हवा ना! ओटा ओस पडला. जिच्या भोवती दिवसभर कलकल चालायची ती चंद्राक्का अठरा गोधड्यांत एकटी पडून राहिली.

आणि केरबा? तो उभा होता. पहाटे उठवायचं, तोंड धुवायचं, भरवायचं, कूस बदलायची, धुणं, तेल, पुन्हा भरवायचं. हौसा मदतीला आली की तो म्हणे, "तू सर, मी करतो." स्वतः उभ्या उभ्या भाकरीचा तुकडा तोंडात टाकायचा. चंद्राक्का म्हणे, "बस रे जरा लेकरा." तो म्हणे, "एवढं आटपू दे, आई."

आठ दिवस गेले. पंधरा गेले. महिना उलटला. काही आटपेना! डोळे खोल गेले, चेहरा उतरला, मिशीचा पीळ केव्हाच सुटला. पेजेत मीठ दोनदा पडू लागलं. चंद्राक्का ती खारट पेज मुकाट्यानं गिळायची, आणि तिच्यासारखी बाई मुकाट्यानं काही गिळते म्हणजे घरात काहीतरी फार बिघडलेलं असतं.

एका सकाळी तिनं हाक मारली, "केरबा, उशी जरा सरकव रे." त्यानं सरकवली. तो वळला तोच पुन्हा हाक आली, "जरा खाली झाली बघ." त्यानं वर केली. तिसऱ्यांदा हाक आली आणि केरबाचा तोल सुटला.

"एकटा माणूस किती पळणार?" तो ओरडला. "लग्नसुद्धा दोन दिवसांत संपतं! तुझं हे कधी संपायचं?"

बोलला आणि तो स्वतःच चरकला. काय बोललो आपण? दारात हौसा उभी होती. तिच्या हातातली घागर तशीच राहिली.

चंद्राक्का रडली नाही. एवढंच म्हणाली, "सुंदरेला निरोप धाड. गाडी घेऊन ये म्हणावं."

केरबा मागच्या दारी धुण्याच्या दगडावर जाऊन बसला आणि पोरासारखा ढसाढसा रडला. आई जाणार. जिला आपलं घर, आपला ओटा सोडायचा नव्हता ती आई आपल्या तोंडामुळे घर सोडून जाणार! आणि खरं सांगायचं तर, थकलेल्या मनाला क्षणभर बरंही वाटलं होतं. त्याची त्याला जास्त लाज वाटली.

निरोप तर हौसानं धाडला. आत्याबाईंचा शब्द मोडायची तिची छाती नव्हती. मग ती मागच्या दारी आली. "उठा. आत्याबाई बोलावतात."

केरबा आईच्या पायांशी जाऊन उभा राहिला. "आई, माझी जीभ झडो."

"झडू देऊ नको, अजून आमटीची चव बघायचीय तिला," चंद्राक्का म्हणाली. "खाली बस आधी. माझ्या मानेला रग लागते वर बघून."

केरबा बसला.

"अंथरुणाला खिळलेल्या तुझ्या आजीचं मी नऊ वर्षं केलं. आठवतंय?"

"आठवतं ना. तू एकटीनं केलंस. म्हणून तर मी..."

"कोण म्हणालं एकटीनं?" म्हातारी उसळली. "अरे वेड्या, सकाळी आधी मी भाकरी खायची, मग तिला भरवायची. उपाशी हातानं भरवलं की घास तोंडावर आदळतो. तू रोज माझ्या तोंडावर आदळतोयस. दुपारी शेजारणी यायच्या आणि मी नदीवर पळायची. तिथं हसायची, भांडायची, तुझ्या बापाला चार शिव्या हासडायची आणि गोड होऊन परत यायची. जत्रा मी एक चुकवली नाही. तू शाळेत असायचास, तुला काय दिसणार? तुला फक्त कामाला जुंपलेली आई दिसली."

केरबा तोंड उघडं टाकून ऐकत होता.

"तू तयारी केलीस, पण लग्नाची केलीस, बाळा. लग्नाची पंगत उठते. हे उठायचं नाही. ही रोजची चूल आहे. रोजच्या चुलीपुढे कुणी उपाशी उभं राहतं का? आणि मला पाहुणीसारखं मांडवात काय निजवलंस? महिना झाला, मी कुणाशी भांडले नाही रे! हाडानं नाही, पण त्यानं मरेन मी."

एवढं बोलून ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जायचं की राहायचं ते काही तिनं सांगितलं नाही. केरबाला विचारायचा धीर झाला नाही.

तो उठला. पंचा खांद्यावर टाकला आणि गोदाकाकूच्या दाराकडे निघाला. वीस पावलांची वाट. पण चुलाण पेटल्यावर ज्यानं कधी चिमूटभर मीठ मागितलं नाही त्याला ती वीस पावलं जड गेली. दोनदा तो अर्ध्यातून परत फिरला. पारावरची माणसं बघत होती. तिसऱ्यांदा मात्र त्यानं डोळे मिटून उंबरा गाठला.

"काकू," तो म्हणाला. "काकू, माझ्यानं होत नाही. दुपारची तासभर आईपाशी बसाल का?"

गोदाकाकू निवडत होती ते सूप तिनं बाजूला ठेवलं. "अगं बाई! सूर्य आज पश्चिमेला उगवला की काय? केरबा आचारी मागायला आला!" मग तिचा आवाज एकदम भरून आला. "मेल्या, दोनदा ताट घेऊन आले, दोनदा परत पाठवलंस. माझी चार बाळंतपणं काढली त्या माउलीनं. तिच्यापाशी बसायला मला तुझी परवानगी लागते होय? मला वाटलं, मोठा माणूस झालास, आता आम्ही नकोशा झालो."

आपण कुणाला त्रास नको म्हणून परत पाठवतो, तर लोकांना तो आपला ताठा वाटतो, हे केरबाच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्या दुपारी गोदाकाकू आली आणि तिच्यामागून आणखी चौघी आल्या. पहिल्या घटकेतच चंद्राक्कानं एकीच्या नव्या लुगड्याच्या रंगावरून तिला असं काही चिडवलं की मांडवात हशा पिकला. महिनाभर साठलेलं ना सगळं! तिकडे हौसानं केरबापुढे ताट ठेवलं, स्वतःचंही वाढून घेतलं आणि म्हणाली, "आता बोला. काय काय वाटून घ्यायचं?" जेवता जेवता दोघांनी ठरवलं. न्हाऊ घालणं हौसाकडे, कारण आत्याबाईंना लेकाची लाज वाटायची आणि महिनाभर ते कुणी त्यांना विचारलंच नव्हतं. उठवणं, भरवणं, कूस बदलणं केरबाकडे. दुपार गोदाकाकूची. पेज हौसा करणार, म्हणजे म्हशीचीही सुटका!

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात घुंगरं वाजली. सुंदरा बैलगाडी घेऊन आली होती. गाडीत हातभर पेंढा, त्यावर दोन गाद्या, वर सावलीला कापड. निरोप मिळाल्यापासून बिचारी डोळे पुसत तयारी करत होती. घुंगरं ऐकून शेजारणीही गोळा झाल्या.

"काय झालं, दादा?" तिनं विचारलं.

केरबाला सोपं होतं. आईची इच्छा, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. हौसा काही बोलली नसती. पण तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मी आईला टाकून बोललो, सुंदरे. एकट्यानं करायला गेलो आणि मोडलो. तू आळीपाळी म्हणालीस तेव्हा तुला लाडू खायला ये म्हणालो. चुकलो मी. आई म्हणेल तसं होईल. ती निघाली तर मी गाडीबरोबर चालत येईन. राहिली तर महिन्यातले आठ दिवस तू येशील का?"

सुंदरा तोंडाला पदर लावून रडू लागली. "येईन का म्हणून काय विचारतोस? मी काय फक्त लाडूंची लेक आहे?"

सगळ्यांनी चंद्राक्काकडे बघितलं. म्हातारीनं गाडीकडे बघितलं, पेंढ्याकडे बघितलं, मग लेकाकडे. त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं ती महिनाभर बघत होती.

"सुंदरे," ती म्हणाली, "एवढी मऊ गाडी सजवून आणलीस, ती रिकामी परत न्यायची नाही. तू उतर. आठ दिवस राहा. आणि ह्याला घाल त्या गाडीत."

"कुणाला?"

"ह्या पाच हजार पानवाल्याला! तुझ्या घरी नेऊन टाकू दे गाडीवानाला. तुझ्या सासूला सांगावा धाड, ह्याला आठ दिवस चुलीकडे फिरकू द्यायचं नाही. खाऊ दे, झोपू दे, विहिरीत डुंबू दे. मग परत येऊ दे. मला थकलेला नोकर नको, माझा केरबा पाहिजे."

"पण आई, मी गेलो तर इथं..."

"इथं आम्ही एवढ्या बायका आहोत. तू जा बघू!"

हौसानं त्याचे कपडे बांधून आणले. गोदाकाकूनं थालीपीठं दिली, आणि या वेळी त्यानं ती मुकाट घेतली. आळीतल्या सगळ्या बायका गाडीभोवती जमल्या आणि लग्नातल्या नवरीला लावावं तसं त्याला हसत हसत वाटेला लावलं. केरबा पेंढ्यावर आडवा झाला. गाडी वेशीपाशी पोचायच्या आत तो घोरत होता. गाडीवान नंतर सांगायचा, की बैल दोनदा बिचकले.

आठ दिवसांनी केरबा परत आला तो गालावर तुकतुकी घेऊन, मिशीला पीळ देत. पुढं त्यानं लांबची कार्यं सोडली. महिन्यात सुंदरा येई तेवढ्या दिवसांतच तो चुलाण पेटवी. बाकीची कार्यं त्यानं नव्यानं हाताखाली घेतलेल्या आचाऱ्याला दिली. लौकिक थोडा कमी झाला, आणि त्याचं त्याला अधूनमधून वाईटही वाटे. नाही कशाला म्हणा? पण ती सगळी पुढची गोष्ट.

त्या दिवशी तो गाडीतून उडी मारून उतरला, धावत मांडवात शिरला आणि आईला हाक मारली. चंद्राक्का बाजेवर उशीला टेकून बसली होती. भोवती सुंदरा, हौसा, गोदाकाकू आणि आणखी तिघीचौघी. कुणाच्या तरी जावयाची नक्कल चालली होती आणि सगळ्या हसून हसून डोळे पुसत होत्या.

"आई, मी आलो! तुझे हाल तर झाले नाहीत ना?"

चंद्राक्कानं हात वर करून त्याला थांबवलं. "आलास होय? आत जाऊन पाणी पी. मला वेळ नाही, अजून दोन जावई बाकी आहेत."

तात्पर्य: घरच्या माणसाचं करणं हे दोन दिवसांचं कार्य समजू नये, ती वर्षानुवर्षांची रोजची चूल असते, म्हणून तिची तयारी करताना आजाऱ्याच्या अंथरुणाबरोबरच आपला घास, आपली झोप आणि मदतीला येणारे हात यांचीही आधीच सोय करावी.